कपाटावरचं ताट

सोफेवालीने बापावर सूड उगवायचं ठरवलं तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि उगवला तेव्हा एकेचाळीसची. मधल्या काळात ती विसरून गेली असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने ते डोक्यातून काढून टाकावं. असल्या गोष्टी माणूस विसरत नसतो. वरवर हसतो, संसार करतो, आणि आत विस्तव झाकून ठेवतो.

बाप गोदामात मुकादम होता. खिशाला दोन पेनं, काखेत वर्तमानपत्र, आणि मान अशी ताठ की बघणाऱ्याला वाटावं, काय शिकलेला माणूस आहे! मालाची यादी आली की तो कारकुनाला म्हणायचा, "मोठ्याने वाच, सगळ्यांना कळू दे." घरीही तोच खाक्या. संध्याकाळी ताटं वाढली की पोरांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं. पहिलं पान दादाने, शेवटचं हिने. न अडखळता वाचलं तर जेवायचं. अडखळलं की मुकादम स्वतः उठायचा, ताट उचलायचा आणि कपाटावर नेऊन ठेवायचा. नीट वाचून होईपर्यंत ताट वरच.

दादा घडाघडा वाचून, जेवून, हात धुवून मोकळा व्हायचा. हिच्यापुढे अक्षरं एका जागी थांबतच नसत. ओळ संपली की पुढची कुठे सुरू झाली ते सापडायचं नाही, काल वाचलेला शब्द आज ओळख दाखवायचा नाही. "आळस भरलाय नुसता अंगात," बाप म्हणायचा. "मठ्ठ कुठली!" दादा खी खी हसायचा. आई तेवढी वाढायच्या निमित्ताने वाकायची आणि कानाशी हळूच ओळ सांगून जायची. ही ती जोरात म्हणायची आणि ताट खाली यायचं. पण आई तरी किती वेळा वाकणार? आठवड्यातले तीन-चार दिवस पोर गार झालेलं अन्न गिळायची, तेही रडून डोळे सुजल्यावर.

शाळा तिने अर्ध्यावर सोडली आणि एका कारागिराच्या हाताखाली जुने सोफे उसवायला लागली. पुढे स्वतःचा कारखाना टाकला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, फोमचे ठोकळे, कापडाचे गठ्ठे आणि जुन्या वर्तमानपत्रांची चळत, कारण आकार आधी कागदावर कापून बघायचे असतात. मापं मात्र तिने कधी लिहिली नाहीत. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक दोरी, दोरीला गाठी, दोरी भिंतीवरच्या खिळ्याला. एवढ्या वर्षांत एक कव्हर आखूड झालं नाही की ढगळ झालं नाही. लोक म्हणायचे, जुनी पद्धत जपली हो बाईंनी! कसली पद्धत आणि कसलं काय. कागदावर उतरवलेला आकडा तिला दुसऱ्या दिवशी उलटा दिसायचा, एवढंच. आणि हे नवऱ्यालासुद्धा ठाऊक नव्हतं. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले जेमतेम आठ दिवस घरी. घरी आलेला कागद ती त्याच्यापुढे टाकायची आणि म्हणायची, "माझे हात भरलेत, तुम्हीच बघा."

आणि मग लेक झाली. एका जागी बसायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. पण वाचायला बसवलं की ही भिंगरी थिजायची. शाळेने निरोप धाडला की पोरगी वाचनात फारच मागे आहे, तपासून घ्या, नाहीतर याच वर्गात पुन्हा बसवू. तपासणाऱ्या बाईंनी भिंगरीला दोन तास खेळवलं, वाचायला लावलं, आणि मग सोफेवालीला विचारलं, "घरात आणखी कुणाला वाचायला असं जड गेलंय का?"

"कुणालाच नाही," सोफेवाली म्हणाली. पटकन, सवयीने.

"आठवून सांगा. बरेचदा हे घरातूनच येतं. घरात आहे म्हटलं की शाळेलाही पटवता येतं, हा आळस नाही म्हणून. आणि एक करा, घरी कुणी ओरडू नका. भीतीने असल्या मुलांचं वाचन आणखी बिघडतं. हा कागद भरून सोमवारी आणा."

कागद पिशवीत गेला आणि तिथेच राहिला. तिचा हात काही धजेना.

त्याच आठवड्यात दादाच्या घरची फरशी खणायला काढली आणि आईबाबा राहायला आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोफेवाली कारखान्यातून घरी येते तर काय, ताट कपाटावर! तिच्या स्वतःच्या घरात, तिच्या स्वतःच्या कपाटावर. खाली भिंगरी उभी, हातात वर्तमानपत्र, नाक गळतंय. आई शेगडीकडे तोंड करून उभी.

सोफेवालीच्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातली पिशवी खाली पडली. तिने ताट उतरवलं, लेकीला मांडीवर घेऊन भरवलं.

"लाड कर तू," बाबा म्हणाले. "असंच वळण लावावं लागतं. तू नाही का शेवटी शिकलीस?"

शिकले! तिने दात-ओठ खाल्ले, पण तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं.

शनिवारी ती घरी होती. बाबा खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते आणि ती भाजी निवडता निवडता सहज बघत होती. बघता बघता तिचा हात थांबला. पान उलटत होतं, पण डोळे हलत नव्हते. थोडा वेळ गेला की पान उलटायचं, पुन्हा थोडा वेळ, पुन्हा पान. हे नाटक तिच्या ओळखीचं होतं. दवाखान्यात, बँकेत, शाळेच्या सभेत तिने स्वतः ते आयुष्यभर केलं होतं. बाकी कुणाच्या सात जन्मांत लक्षात आलं नसतं.

छे, असं कसं होईल, तिला वाटलं. पण चैन पडेना. बाबा चहाला उठले तशी तिने खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं आणि त्या जागी कारखान्यातलं तीन महिन्यांपूर्वीचं ठेवलं, घडी नीट मोडून. बाबा परत येऊन बसले. तासभर वाचलं. मधेच चुकचुकले, "कुठे चाललंय जग!" आणि मग हाक मारली, "भिंगरे, ये इकडे. आजच्या बातम्या वाच बघू मोठ्याने."

सोफेवाली मोरीत गेली आणि तोंडात पदर कोंबून हसली. हसता हसता रडली. या माणसाला वाचताच येत नव्हतं! जगाच्या बातम्या कळाव्यात म्हणून हा पोरांकडून वाचून घ्यायचा, आणि अडखळलं की उपाशी ठेवायचा. दया? दया येते म्हणे अशा वेळी. तिला आनंद झाला. सापडलात, बाबा!

रविवारी तिने दादाला जेवायला बोलावलं. सगळी पानावर बसली. तिने बाबांचं ताट वाढून हातातच धरलं आणि त्यांच्यापुढे वर्तमानपत्र ठेवलं.

"आज तुम्ही वाचा, बाबा."

"चष्मा आत राहिला."

"हा घ्या चष्मा."

"घसा बसलाय गं जरा."

"हे घ्या पाणी."

"काय पोरखेळ लावलाय?" दादा म्हणाला. "त्यांचं ताट दे आधी."

"तू गप बस. तू जेवायचास तेव्हा मी बोलले होते का काही?"

बाबांनी वर्तमानपत्र उचललं. तेवढ्यात आई पातेलं घेऊन आली, वाढायला वाकली, आणि त्यांच्या कानाशी लागली. बाबांनी मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात पहिली ओळ म्हणून दाखवली.

सोफेवालीने लगेच ओळखलं. ते वाकणं, ती कुजबुज. म्हणजे आईला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बापलेकींना दोघांनाही आईच ओळ सांगत होती.

"आई, तू बाजूला हो."

"राहू दे गं. जेवू दे त्यांना."

"मला जेवू दे असं म्हणालीस कधी त्यांना? एकदा तरी?"

आईने पातेलं खाली ठेवलं. दादा वर्तमानपत्राकडे आणि बापाकडे आळीपाळीने बघत राहिला, आणि हळूहळू त्याचं तोंड उघडं पडलं.

बाबा कुणाकडे न बघता म्हणाले, "तू अडखळलीस की मला वाटायचं, आता कळणार सगळ्यांना. ही कुणावर गेलीय ते."

सोफेवालीने शांतपणे चार पावलं टाकली आणि ताट कपाटावर ठेवलं.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं. तपासणीच्या बाईंपुढे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मोठ्याने. तोवर ताट वर."

दादा उठायला लागला, आई रडायला लागली. बाबांनी दोघांनाही हाताने थांबवलं. त्या दिवशी ते पाण्यावर राहिले. आईने गुपचूप काही न्यायचा प्रयत्न केला, तर त्यांनीच परत पाठवलं. मुकादम होता शेवटी, शिक्षा पुरी करायची त्याला सवय. फक्त आजवर ती दुसऱ्यांनी पुरी केली होती.

सोमवारी बाईंनी कोरा कागद बघितला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. सोफेवालीने बापाकडे बघितलं. या घटकेसाठी ती तेहतीस वर्षं थांबली होती.

"मला," बाबा म्हणाले. अगदी हळू. सोफेवाली म्हणाली, "मोठ्याने."

"मला येत नाही वाचता. कधीच आलं नाही. हिलाही जड जायचं, ते माझ्याकडून आलं. मी हिला उपाशी ठेवायचो."

बाईंनी लिहून घेतलं. "आईकडूनही, आजोबांकडूनही," त्या म्हणाल्या. "आता शाळा काही म्हणू शकत नाही. भिंगरीला वेगळ्या पद्धतीने शिकवायचं, वेळ जास्त द्यायचा."

भिंगरी इतका वेळ खुर्चीवर पाय हलवत बसली होती. ती आजोबांच्या गुडघ्याला टेकली. "आजोबा, मग तुमचं ताट कोण वर ठेवायचं?"

मुकादमाची मान खाली गेली. इतकी खाली की खिशातली दोन पेनं गुडघ्यावर घरंगळली. "माझे वडील," ते म्हणाले. "ते वर ठेवलेलं ताट परत खाली नाही काढायचे."

सोफेवालीने पिशवीतून डबा काढला, उघडला आणि बापापुढे ठेवला. माफ केलं म्हणून नव्हे, कुणी तसा गैरसमज करून घेऊ नये. माफ तिने आजतागायत केलेलं नाही. शब्द दिला होता, सांगितलंत की ताट खाली, आणि तिच्या घरात ताट खाली येतं.