कमानीसमोरच्या चपला

ग्लासगोच्या घरात आवराआवर करताना आईच्या जुन्या चपला हाताला लागल्या आणि अक्रामधली ती दुपार आठवली. घानाला ब्रिटिशांपासून मिळालेल्या स्वातंत्र्याच्या कमानीसमोर आईने देवळापुढे काढाव्यात तशा चपला काढल्या आणि वाकून पायरीला हात लावला.

बंदूकधारी शिपाई धावतच आला. "काय ठेवलंत तिथे? कुठून आलात?"

"इंडिया," बाबा म्हणाले.

"पण बाबा, आपला पासपोर्ट तर..." मी बोलायला लागले, तोच आईने मला करकचून चिमटा काढला.

शिपाई तिच्या अनवाणी पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चपला घाला. दगड तापलाय."

तेव्हा मला वाटलं, बाबा बंदुकीला घाबरले. पण त्यांचा हात सारा वेळ खिशातला ब्रिटिश पासपोर्ट झाकून होता.