मांडीचं कातडं

नवऱ्याबद्दल बाईने एकेरीत बोलू नये, अशी आमच्या गिरगावातल्या घरांची रीत. मी एकेरीतच बोलणार आहे.

लघवीच्या जागेपाशी मला गाठ आली. आधी नुसती खाज, मग जखम, मग लुगड्याला रक्त. माझा नवरा सरकारी कचेरीत कारकून. त्याला सांगितलं तेव्हा त्याने वैद्याकडून मलम आणून दिलं आणि दाराबाहेर शब्द जाता कामा नये असं बजावलं. तिथे डॉक्टरने पाहायचं म्हणजे घराण्याची अब्रू जाणार होती. वर्षभर मी मलम लावलं. जखमेला वास सुटला तसं त्याने माझं अंथरूण मोरीजवळ हलवलं आणि वाडीतल्या पुरुषांना सांगितलं, हिला गरमी झाली आहे. म्हणजे हिने बाहेर शेण खाल्लं आणि तो रोग घरात आणला.

हे परळला माझ्या थोरल्या भावाच्या कानावर गेलं. दुसऱ्याच सकाळी तो भाड्याची गाडी घेऊन आला. मला बसवत नव्हतं, म्हणून गोधड्या घालून त्याने मला गाडीत आडवं केलं आणि बायकांच्या इस्पितळात नेलं. नवरा दारात उभा होता. "त्या ठिकाणी गेलीस तर इथे परत यायचं नाही," एवढंच तो म्हणाला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई इंग्रज होत्या, पण मराठी शिकलेल्या. तपासून त्यांनी सांगितलं की गरमी नाही, कर्करोग आहे, आणि गाठीभोवतालचं बरंचसं काढावं लागेल. मग उरणारी जागा मिटवायची कशी, हेही त्यांनी मला समजावलं. कडा ओढून शिवल्या तर ताणाने टाके तुटतील. उघडी ठेवली तर हळूहळू भरेल, पण व्रण आवळत जाईल आणि लघवीला, चालायला जन्माचा त्रास. तिसरा उपाय म्हणजे मांडीच्या आतलं कातडं एका कडेने जोडलेलंच ठेवून सोडवायचं, फिरवून त्या जागेवर आणायचं आणि शिवायचं. कधी कधी तेही मरतं, हे त्यांनी लपवलं नाही.

मी विचारलं, "कशाने मला नीट चालता येईल?"

"कुठे जायचं आहे तुम्हाला?"

"नवऱ्याच्या दारावरून."

त्या हसल्या नाहीत. मांडीचं कातडं घेऊ या, म्हणाल्या.

क्लोरोफॉर्ममधून जागी झाले तेव्हा गुडघे पट्टीने एकत्र बांधलेले होते. पुढे त्या नव्या कातड्याचं एक टोक काळं पडलं. डॉक्टरीणबाई ते थोडं थोडं कापून काढत, धूत, औषधाची पूड भरत. बाकीचं तगलं. अजून टाके निघायचे होते, तेव्हा भावाने पडल्या चेहऱ्याने सांगितलं की नवऱ्याने दुसरं लग्न केलं. मुलीच्या बापाला सांगितलं होतं, पहिली काही परत येत नाही. तोवर मी पेज अर्धी टाकत असे. त्या दिवसापासून वाटी पुसून खाल्ली. माझ्या अंगावर मांस चढायला हवं होतं.

बरी होऊन मी भावाकडेच राहिले. चाल थोडी आखडलेली राहिली, तरी गिरगावात गेले की मी त्या वाडीतून मुद्दाम सावकाश जाई. नवरा खिडकी लावून घ्यायचा.

मग एके दिवशी तो परळला आमच्या दारात आला. दुसरीला बरं नाही म्हणाला. मी आधी भावजयीला गाडी बोलवायला पाठवलं, आणि गाडी येईपर्यंत त्याला भावासमोर बसवून घेतलं.

"काय होतंय तिला?"

"बाळंतपणात फाटलं. भरून येत नाही."

"कुठे?"

तो भावाकडे पाहू लागला. भावाने त्याच्यावरची नजर हटवली नाही.

"तुला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"मला नाही ठाऊक. त्या जागेचं नाव घेऊन सांगा."

त्याने पुटपुटत सांगितलं. मला ऐकू आलं नाही, असं मी म्हटलं. त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो मी डोळे भरून पाहिला.

त्या पोरीशी माझं वैर नव्हतं. गिरगावातून तिला मीच इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जुन्या कडा खरडून ताज्या केल्या, आतून बाहेर थराथराने शिवल्या, आणि ती बरी झाली. क्लोरोफॉर्म हुंगवताना तिने माझा हात धरायला मागितला. मी धरू दिला. नवरा बाहेर बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या नजरेत बसून होता. आत या, असं त्याला कुणी म्हणालं नाही.

पुढे त्याने भावाकरवी निरोप पाठवला की थोरलीने घरी यावं, मानाने राहावं. मी उलट निरोप दिला, वाडीतल्या त्याच पुरुषांना एकत्र बोलावून मला कुठला रोग झाला होता ते सांगा, मग येते. त्याने सांगितलं नाही. मी गेले नाही.

त्याच्या मरणाची बातमी आली तेव्हा मी भावजयीबरोबर मेथी निवडत होते. सगळी जुडी निवडून झाली, आणि मगच आंघोळीला उठले.