एकशेवीस-ऐंशी

मुलगी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचं ब्लडप्रेशर एकशेवीस-ऐंशी होतं. माझं, बायकोचं, वरच्या खोलीतल्या भाडेकरूंचं आणि पेडगावहून दर बाजाराला येणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचंही. मी परभणीत एका जिनिंगच्या भुईकाट्यावर गाड्यांचं वजन करायची नोकरी करतो. कापसाच्या सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्या वजनाला सारख्या भरलेल्या मी फार क्वचित पाहिल्या. शिवाय तिच्या बीपीच्या यंत्राच्या तबकडीवर दोन-दोनच्या रेघा होत्या आणि तिचा आकडा मात्र नेहमी शून्यानंच संपायचा. मी हे तिला बोलून दाखवलं.

"नॉर्मल माणसाचं नॉर्मलच येणार ना, बाबा," ती म्हणाली. मी पुढे ताणलं नाही.

दादाची, म्हणजे भावाची, बीपी बघून घ्यायची पद्धत ठरलेली होती. आल्याबरोबर चहा, मग बाही वर, आणि हात तिच्या ताब्यात दिला की बोलणं सुरू. घरची लेक आपल्यासाठी काही करते आहे आणि आपण तोंड मिटून बसायचं, हे आमच्याकडे बरं दिसत नाही. रागावलेला माणूसच गप्प बसतो. आणि मोठं माणूस बोलत असताना हुंकार न देणं हेही रीतीत बसत नाही. त्यामुळे ती कानात नळ्या घालून त्याला "हो मोठे बाबा, हो ना" म्हणत राहायची, पट्ट्यातली हवा निघून जायची, आणि आकडा सांगायची.

कॉलेजात त्यांची एक स्किल लॅब आहे. तिथे रबराच्या पुतळ्यांवर इंजेक्शन, ड्रेसिंग, बीपी सगळं हातानं करून शिकवतात. पुतळ्यावर तिचे आकडे बरोबर यायचे. पुतळा बोलत नाही. पण वॉर्डात पाठवण्याआधी प्रत्येकीनं घरचं एक माणूस आणून मॅडमसमोर त्याचं बीपी मोजायचं, असा तिथला नियम होता. त्यात पास झाली नाही तर मुलगी वॉर्डात जाणार नाही. तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणी आधीच जाऊ लागल्या होत्या. ती राहिली होती, आणि आठवडाभर जेवणात तिचं लक्ष नव्हतं.

मी माझा हात देऊ केला. ती म्हणाली, मॅडमनी वयस्कर माणूस आणायला सांगितलंय. म्हणून दादाला घेऊन आम्ही तिघं रिक्षानं गेलो.

लॅब म्हणजे लांबट हॉल, दोन्ही बाजूंना पलंग. एका पलंगावर गळ्यापर्यंत चादर ओढलेला पुतळा होता. दादा त्याच्यापाशी थांबला. "ह्याच्यापाशी बसायला घरचं कोनी न्हाई का?" त्यानं विचारलं. पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या.

मॅडमजवळ दोघींना एकदमच ऐकता येईल असा दोन जोड नळ्यांचा स्टेथोस्कोप होता. एक जोड मुलीच्या कानात, दुसरा मॅडमच्या. मुलीनं पट्टा नीट बांधला, नाडी चाचपली, फुगा दाबला. हवा सोडायला लागली तोच दादानं सोयाबीनचा विषय काढला. यंदा अळी लय हाय, फवारून फवारून हात दुखायलाय, असं काहीसं. ती "हो मोठे बाबा" म्हणाली. काटा खाली आला.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"एकशेवीस-ऐंशी."

"मला तर फक्त अळी ऐकू आली," मॅडम म्हणाल्या.

मुलीचे कान लाल झाले. दोन मिनिटं दादाचा हात मोकळा ठेवून तिनं ट्रेमधला थर्मामीटर उचलला, दादाला आ करायला सांगितलं आणि जिभेखाली ठेवून ओठ मिटायला लावले. दादा गप्प झाला. मला ही युक्ती आवडली. मॅडमनी थर्मामीटर काढून घेतला. वॉर्डभर सगळ्यांच्या तोंडात हे घालत फिरणार आहेस का, असं त्यांनी विचारलं. तोंडानं सांगता आलं पाहिजे, म्हणाल्या.

तिनं पट्टा पुन्हा हातात घेतला. जन्मापासून तिनं दादाला उलट शब्द बोललेला मला माहीत नाही. मग तिनं पट्टा बांधला आणि म्हणाली, "मोठे बाबा, मी हात सोडेपर्यंत बोलू नका. मीही बोलणार नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी पुतळ्याकडे पाहिलं.

हॉल शांत होता. काटा हळूहळू उतरला. तिनं हवा पूर्ण सोडली, नळ्या काढल्या आणि सांगितलं, "एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव."

मॅडमनी मान हलवली. त्यांनाही तेच ऐकू आलं होतं.

"चुकलं की गं," दादा म्हणाला. "घरी तर कायम एकशेवीस-ऐंशी भरतंय. इचार की ह्याला."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. यंत्र बिघडलंय किंवा धावपळीत आल्यामुळे वाढलं असेल, असं म्हणून तिला सुटता आलं असतं. ती म्हणाली, "घरचे आकडे मला ऐकू आलेलेच नव्हते, मोठे बाबा. सगळ्यांचे येतात ते सांगत होते."

दादानं बाही खाली ओढून गुंडी लावली.

मॅडमनी तिला त्या दिवशी पास केलं नाही. आज बरोबर मोजलंस, पण ऐकू न आलेला आकडा सांगायची सवय आहे, तेव्हा अजून एक आठवडा रोज माझ्यासमोर मोजायचं, असं त्यांनी ठरवलं. दादाला डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. परतताना रिक्षात दादा धुसफुसत होता. आकडा वाढल्याबद्दल नव्हे. "खरं बोलली तर पोरीलाच मागं ठिवलं," एवढंच दोनदा म्हणाला. मला मॅडमचं बरोबर वाटलं. दुरुस्त केलेल्या काट्यावर आम्हीही लगेच गाड्या घेत नाही. पण ते मी रिक्षात बोललो नाही.

आठवड्यानं ती वॉर्डात गेली.

दादाला गोळी सुरू झाली. बाजाराच्या दिवशी तो अजूनही येतो. चहा आता नंतर. आधी खुर्चीत टेकून, पाय जमिनीवर ठेवून तो तसाच बसून राहतो, मग ती पट्टा बांधते. परवा मी बाहेरून आलो आणि दारातूनच विचारलं, आज किती?

तिनं मान न वळवता मोकळा हात माझ्या दिशेनं उभा धरला. मी चपला पायातच ठेवून दारात थांबलो.