वर बघितलं म्हणजे हो

मी पायदळाच्या एका पलटणीत आर.टी. ऑपरेटर, म्हणजे रेडिओवाला होतो. शेवटची पोस्टिंग उत्तरेत, डोंगरातल्या एका चौकीवर. ठरलेल्या वेळी प्रत्येक पार्टीला रेडिओवर बोलवायचं, उत्तर घ्यायचं, कमांडरला सांगायचं. आमच्या हवालदार उस्तादांचा पहिला धडा एका वाक्याचा होता. बोलायचं बटण दाबून धरलं, की समोरचा ऐकू येत नाही. म्हणून विचारा आणि बटण सोडा. हे अठरा वर्षांच्या रिक्रूटला कळतं. गावी आल्यावर पाहिलं, की भल्याभल्यांना कळत नाही.

एका दुपारी आमची गस्तीची पार्टी, ब्राव्हो वन, धुक्यात अडकली. शत्रू इतका जवळ, की कुजबुजायचीही सोय नव्हती. अशा वेळी बटणावर बोलतात. दोन क्लिक म्हणजे हो. एक क्लिक म्हणजे नाही.

"ब्राव्हो वन, कंट्रोल. सगळे ठीक? ओव्हर."

एक क्लिक.

"कुणी जखमी? ओव्हर."

दोन क्लिक.

"चालू शकतो? ओव्हर."

बराच वेळ काही नाही. मग एक क्लिक.

स्ट्रेचर पार्टी निघाली. माणूस वाचला. त्या दिवशी कंट्रोलमध्ये एकही जण असं म्हणाला नाही, की ब्राव्हो वन बोलत नाही, म्हणजे त्याला काही समजत नसणार.

पुढे माझा गुडघा गेला. मेडिकल बोर्ड झालं आणि तिशीच्या आत मी माजी सैनिक होऊन मिरजगावला परतलो. थोरली बहीण सुरेखाताई आमच्याकडेच असते. तिची मुलगी सानू नऊ वर्षांची. सेरेब्रल पाल्सी. हातपाय ताठ, बोलणं नाही. नजर मात्र पक्की. येणारा जाणारा तिच्यासमोर उभा राहून तिच्याच आईला विचारायचा, "हिला काय कळतंय का?" जणू पोतं ठेवलंय कोपऱ्यात.

मी तिच्यासमोर बसलो. "सानू, पाणी पाहिजे? हो असेल तर वर बघ. नाही असेल तर डोळे मिट." आणि बटण सोडलं, म्हणजे गप्प बसलो. हेच सगळ्यात अवघड. तिला उत्तर जुळवायला वेळ लागतो. कित्येक दिवस काही जमलं नाही. घरातली म्हातारी आत्या मला म्हणायची, "संत्या, डोकं तिकडंच ठिवून आलास व्हय रं?" मग एका सकाळी सानूनं वर बघितलं. पाणी दिलं. प्याली.

उन्हाळ्यात ती रडायला लागली. कूस बदलली की किंचाळायची. सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. नजर लागलीय. शिर्डीला नेऊन आणा. लाडानं हट्टी झालीय. गावातल्या डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं. म्हणाले, "अशी मुलं रडतातच." अशी मुलं! हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय, की आता हात आवरावे लागतात.

एका सकाळी आत्या तिच्यावर ओणवी झाली होती. "पोट दुखतंय का गं? भूक लागली का? का दात ठणकतोय? न्हाई, ही दृष्टच हाय बाई."

"आत्या, ओव्हर म्हण आन् गप बस!"

"ओव्हर म्हंजी काय रं?"

"म्हंजी आता तिची पाळी."

मी एकेक विचारत गेलो. पोट? डोळे मिटले. दात? मिटले. पाय? वर. उजवा? मिटले. डावा? सानूची नजर वर गेली आणि खाली येईना. आत्या पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

त्याच सकाळी नगर गाठलं. हाडांच्या डॉक्टरांनी ताईला विचारलं, "कुठं दुखतं?"

"तिलाच विचारा."

त्यांनी विचारलं आणि लगेच वही ओढली. ताई आयुष्यात कुणा डॉक्टरवर आवाज चढवून बोलली नव्हती. "डॉक्टर, थांबा. ती बोलतीय."

डॉक्टर थांबले. एक्स-रेमध्ये डावा खुबा सांध्यातून सरकलेला निघाला. ऑपरेशन झालं. रडणं थांबलं.

तेव्हापासून मी तालुक्यात पत्रकं वाटतो, सभा घेतो. पत्रकात गोड काही नाही. एका वेळी एकच प्रश्न. हो आणि नाहीची खूण मुलाकडून घ्या. थांबा. त्याच्या वतीनं उत्तर देऊ नका. नवसाच्या आधी त्याला विचारा. लोक विचारतात, एवढंच? हो, एवढंच. तेवढंही कुणी सांगत नाही, याचाच संताप आहे.

एका सभेनंतर रूथताई थांबल्या. अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्यांचाही मुलगा असाच होता. तीन दिवस रडला, मग शांत झाला. घरच्यांना वाटलं, उतार पडला. अपेंडिक्स फुटलं होतं.

"भाऊ, वर बघितलं म्हंजी हो, असं म्हणालात ना?"

"हो."

"आमचा बी बघायचा. भूक लागली का म्हटलं, की वर आढ्याकडं बघायचा. आमी हसायचो. म्हणायचो, पाल बघतोय."

मी त्याचं नाव विचारलं.

योहान. वय सहा.

फौजेत शहीद झालेल्याचं नाव घेतल्याशिवाय पलटण पुढचं काम सुरू करत नाही. आमच्या सभेतही आता सगळे उभे राहतात. पहिलं नाव योहानचं घेतो.