तुकारामचे 'होय'

दादा, विमानतळावर तू माझी बॅग खाली ठेवलीस आणि मागे वळून न बघता निघालास. मला राग आला होता. तू डोळे पुसायला निघाला होतास, हे यांनी दोहाला पोचल्यावर सांगितलं.

इथे ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत दोन खोल्यांचा फ्लॅट आणि दिवसभर एसीची घरघर. माझी मानसशास्त्रातली एम.ए. डाळतांदळाच्या डब्यांत जिरत चालली होती. तेवढ्यात यांच्या कंपनीतल्या पर्सोनेलच्या साहेबांनी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत करायला दिली. कोण स्वतःला किती थोर समजतो, ते तिच्यातून कळायचं. मी हुरळून गेले. भाषांतर केलं आणि शेजारच्या चार मराठी बायकांकडून भरून घेतलं. 'मी असामान्य आहे' याला चौघींनी 'नाही' लिहिलं. आपल्या तोंडानं आपली थोरवी सांगू नये, हे आपल्या आईसारखंच त्यांच्याही आयांनी शिकवलेलं. मला वाटलं, भाषांतर उत्तम जमलंय.

मग ती मराठी ड्रायव्हरांनी भरली. कंपनीची गाडी चालवणाऱ्या मालवणच्या तुकारामचं 'लोकांनी माझा मान ठेवावा', 'माझ्या सल्ल्याशिवाय काही ठरू नये', सगळ्याला 'होय'. ज्याचे गुण जास्त त्याचा करार वाढवायचा नाही, हे मला तेव्हा कळलं.

"असं का लिहिलंत?" मी त्याला विचारलं.

"वहिनी, मी थोरलो. माझ्या शब्दाभायर घरात कोण जाणा नाय. खोटा कशाक लिवू?"

हे म्हणाले, "गप्प बस, आपला व्हिसाही त्यांच्याच हातात आहे." दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांना लिहून दिलं, माझ्या मराठी प्रश्नांनी थोरल्या भावाची जबाबदारी गर्व म्हणून मोजली, चूक माझी. खाली सही केली. "देखेंगे मॅडम, इन्शाल्ला," एवढंच ते म्हणाले. पुढचे तीन आठवडे दाराची बेल वाजली तरी मी दचकायची. शेवटी तुकारामचा करार वाढला. मला पुन्हा काम मिळालं नाही.

परवा तीच प्रश्नावली मी स्वतः भरायला घेतली आणि सल्ल्याच्या प्रश्नावर अडले. तुकाराम दोन वर्षांतून एकदा गावी जातो, तरी त्याच्या पत्रावाचून तिकडे साधी सोयरीक ठरत नाही. जिथे आपल्याला विचारतात ते घर, एवढंच आता मला समजतं. आई गेल्यावर तिची खोली भाड्यानं दिलीस, ते मला तुझ्या पत्रातून कळलं, भाडेकरू राहायला आल्यावर. मी नको म्हटलं नसतं. पण दादा, एकदा विचारायचं होतंस.