पट्ट्याला लावलेलं खोबरेल

थंडीत खोबरेल थिजतं आणि मी बाटली उन्हात ठेवते, तेव्हा मला आमची जुनी मोटार आठवते. पंचवीस वर्षं तरी झाली. दसऱ्याच्या पूजेसाठी मी ती धुतली, झेंडूचा हार घातला आणि इंजिनातला पट्टा केकाटायचा म्हणून त्याला बोटभर खोबरेल चोळलं. केकाटणं थांबलं, मलाच माझं कौतुक वाटलं. मग बॅटरी सारखी उतरायला लागली. बॅटरीच म्हातारी झाली असं समजून ह्यांनी ती दोनदा चार्ज करून आणली. आठवड्याने सासूबाईंच्या छातीत कळ आली. घोडेगावच्या दवाखान्यात न्यायला गाडी ढकलून सुरू केली, पण वाटेत शिनोलीच्या अलीकडे आचके देत ती बंद पडली. मागच्या सीटवर माझा हात धरून सासूबाई सारख्या विचारत होत्या, "आलं का गं घोडेगाव?" एसटी आली तेव्हा त्यांचं विचारणं थांबलेलं होतं. तेराव्यानंतर मिस्त्री घरी आला. त्याने पट्ट्यावरून बोट फिरवून वास घेतला. "बॅटरीला काय न्हाई झालं, भाऊ. पट्टा घसरतोय, डायनॅमो फिरतच न्हाई, मग चार्जिंग व्हनार कुठून? ह्याला तेल कुनी लावलं?" मी दारातच उभी होते. माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "मीच." त्यावर आम्ही आजवर एक शब्द बोललो नाही. पण दर रविवारी हे माझ्याकडून डोक्याला तेल चोळून घ्यायचे, ते त्या दिवसापासून बंद झालं.