धारेचा दगड

आईची सुरी भेंडीवर आधी नुसती दाबून बसते आणि मग नाइलाजाने आत शिरते. ते बघवेना, म्हणून मी धारेचा दगड आणायला निघालो. मला असा कामाचा झटका आला, की बायको आधी मलमपट्टी शोधून ठेवते.

दुकानात खरखरीत दगड होते, गुळगुळीत होते, कानशी होत्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नसल्याने प्रत्येकावर अंगठा फिरवून मी जाणकारासारखं "हं" म्हणालो आणि सर्वांत जड दगड उचलला. घरी सगळ्या सुऱ्या घासल्या, कागद सर्रकन कापून दाखवला.

आईने आपली सुरी घेतली, धारेकडे पाहिलं आणि अलगद खाली ठेवली.

"तूच चिर आता. माझा हात थरथरतो रे. बोथट होती म्हणून निभत होतं."

"मग आधी बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर चिरायला दिलं असतंस होय?"

माणूस आपल्या थकल्या हाताशी जुळेल असं काहीतरी गुपचूप शोधून ठेवतो, आणि आपण प्रेमाने जाऊन ते सुधारतो. मी सुरीचं पातं उभं धरून ओट्याच्या कडप्प्यावर घासू लागलो.

"अहो, हे काय?" बायकोने विचारलं.

"धार घालवतोय."

"हे मात्र तुम्हाला नक्की जमेल!"

आईने पात्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"अजून थोडी घालव," ती म्हणाली आणि भाजीची परडी स्वतःकडे ओढून घेतली.